तिथी बघून समुद्रावर: लहान मुलाला घेऊन उन्हाळ्यातल्या स्वस्त सकाळी

आमच्या घरी उन्हाळ्यात फिरायचा बेत तिथी बघून ठरतो. माझी आजी रेवदंड्याची. तिनं शिकवलेला हिशेब असा: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, येईल ती भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. रात्री दीडला भरती, तिथून सहा तासांनी, सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, म्हणून आदल्या रात्री भरती-ओहोटीची नेमकी वेळ बघून घ्यावी.

पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. भरतीला पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब जातं. मुंबईत ही मोठी ओहोटी नेमकी सकाळी, ऊन तापायच्या आत येते. महिन्यातून दोनदा अशा सकाळी मिळतात आणि त्यांना तिकीट नाही.

आम्ही लालबागचे. करी रोडहून लोकल, दादरला गाडी बदलून खार, तिथून रिक्षानं कार्टर रोड. लोकलचं जाऊन-येऊन तिकीट माणशी वीस रुपयांच्या वर जात नाही आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीटच लागत नाही. माझी ओवी चार वर्षांची आहे. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचायचं, म्हणजे पाणी मागे सरकत असतं आणि खडकांतली डबकी एकेक करून उघडी पडतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा ओवी एका डबक्याजवळ उकिडवी बसली. आत बोराएवढा शंख. 'हा हलला,' ती म्हणाली. मला वाटलं, पाण्यानं हलला असेल. आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळानं शंखाच्या तोंडातून दोन बारीक मिशा बाहेर आल्या, मग काडीसारखे डोळे, मग पाय, आणि शंख पाठीवर घेऊन खेकडा तुरुतुरु निघाला. माझी सावली पडली तसा झटकन आत. पुन्हा बाहेर यायला त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण पोरगी तोवर जागची हलली नाही. जी घरी दोन मिनिटं एका जागी बसत नाही! त्या दिवसापासून आम्ही रिकामा शंखसुद्धा घरी आणत नाही. तो कुणाचं तरी पुढचं घर असतो, हे तिला आता सांगावं लागत नाही.

खडकाळ किनारा नको असेल तर जुहूच्या ओल्या वाळूवर बघा. छोटे खेकडे वाळू चाळून अन्न खातात आणि उरलेल्या वाळूचे मण्यांएवढे गोळे बिळाभोवती मांडत जातात. सकाळी किनाराभर रांगोळी घातल्यासारखी दिसते. भरती आली की पुसली जाते.

खबरदारी मात्र पक्की हवी. पायात मागून पट्टा असलेली रबरी सँडल घालावी, कारण खडकांवरची कालवं ब्लेडसारखी कापतात. हिरव्या शेवाळावर पाय टाकायचा नाही. शंकूच्या आकाराचे शंख उचलायचे नाहीत, त्यांतले काही डंख मारतात आणि तो विषारी असतो. पाणी परत फिरलं की आपणही फिरायचं, 'अजून पाच मिनिटं' अजिबात ऐकायचं नाही. पावसाळा सुरू झाला की हे सगळं बंद.

साडेनऊला परतीच्या लोकलमध्ये बसायचंच. मागच्या मे महिन्यात मी ओवीला दुपारी तीनला जुहूला नेलं होतं. वाळू तापलेली, सावली कुठेच नाही. ती पाय वर घेऊन रडत राहिली आणि दोन दिवस तिचं अंग कसकसत होतं. तेव्हापासून दहाच्या आत घर.

अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार मागे जात नाही, खडक बघण्यात तितकी मजा नाही. ते दिवस लाँचचे. भाऊच्या धक्क्यावरून सकाळची, उरणजवळच्या मोरा बंदराची लाँच पकडायची, नांगर टाकून उभी असलेली मोठाली जहाजं दाखवायची, मोऱ्याला पाय मोकळे करून परत यायचं. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या गाळामुळे लाँच काही तास बंद ठेवावी लागते, म्हणून हा बेत भांगातच बरा.

समुद्राचा कंटाळा आला तर भायखळ्याची राणीची बाग, पण बुधवार सोडून. आम्ही पेंग्विनआधी दगडी हत्तीकडे जातो. तो घारापुरीचा. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो तुटला आणि इथेच राहिला. 'त्याला जायचंच नव्हतं,' असं ओवीचं मत आहे.

पिशवीत फार काही लागत नाही. कोकम सरबत, काकडीचे काप, गूळ-शेंगदाणे आणि ओला पंचा डब्यात घालून. परतताना तो पंचा मानेवर ठेवला की वांद्र्याच्या आतच पोरगी मांडीवर झोपते. कपडे मात्र दोन जोड घ्या. एक जोड डबक्यातच भिजतो.