किचन थर्मामीटर खरं सांगतोय का, घरीच बघा

स्क्रीनवर ९८.३ असा पॉइंटसकट आकडा दिसला की आपला लगेच विश्वास बसतो, पण पॉइंटनंतरचा आकडा म्हणजे नुसती डिस्प्लेची ऐट, त्यावरून थर्मामीटर बरोबर आहे असं काही ठरत नाही. तेच तापमान परत परत मोजल्यावर आकडा जवळपास तोच येतो का, ही प्रिसिजन. तो आकडा खऱ्या तापमानाच्या किती जवळ आहे, ही अॅक्युरसी. प्रिसिजन तपासायला खरं उत्तर माहीत नसलं तरी चालतं, अॅक्युरसीला मात्र खात्रीचं काहीतरी लागतंच, आणि ते फ्रीजरमध्ये पडलेलं असतं.

बर्फ फडक्यात गुंडाळून लाटण्याने बारीक फोडा, ग्लास काठोकाठ भरा आणि फटी भरतील एवढंच गार पाणी ओता. पाणी जास्त झालं तर बर्फ वर तरंगतो, खाली पाणी ० च्या वरच राहतं आणि सगळा खेळ बिघडतो. ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा, दांडी मधोमध धरा, काचेला टेकू देऊ नका. इथे ० यायला हवं. आकडा लिहा, दांडी काढून पुसा, जरा बाहेर ठेवा, परत घाला, असं पाचदा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच मोजलं तर प्रिसिजन कळणार कशी?

समजा १.६, १.७, १.६, १.५, १.६ आलं. एकदम प्रिसाइज आणि तरीही चूक! पण हा कामाचा आहे, दर वेळी १.६ वजा करा की झालं. दुसऱ्या एखाद्याचे ०.९, -१.१, ०.४, -०.६, ०.३ आले तर सरासरी -०.०२, कागदावर पहिल्यापेक्षा भारी, पण गॅसवर पाक चढलेला असताना पाचदा मोजून सरासरी काढत बसणार का तुम्ही? मी तरी पहिलाच घेईन.

आता उकळतं पाणी, कारण खाली जेवढा फरक आहे तेवढाच वर असेल असं नाही. दांडी भांड्याच्या तळाला लावू नका. आणि १०० ची वाट बघत बसू नका, ते मुंबईत. उंची साधारण ३०० मीटर वाढली की एक डिग्री कमी होते, म्हणजे पुण्यात (५६० मीटर) ९८ च्या आसपास आणि महाबळेश्वरला (१३५० मीटर) साडेपंच्याण्णवच्या आसपास, त्यामुळे पुण्यात १००.० दाखवणाऱ्यावर उगाच खूश होऊ नका. आपला पहिला थर्मामीटर पुण्यात ९९.७ दाखवत असेल तर फरक दोन्हीकडे सारखाच आहे, मागे -१.६ ची चिठ्ठी चिकटवून टाका. फरक वेगळा निघाला तर मधल्या तापमानांना मधला धरा.

काही मॉडेल्सना कॅलिब्रेशनचं बटण असतं, ते बर्फात असतानाच दाबायचं. पण त्याने फक्त सरकलेला शून्य जागेवर येतो, आकडेच इकडेतिकडे उड्या मारत असतील तर बटण कितीही दाबा काही होत नाही, आधी सेल बदलून बघा, तरी तेच असेल तर नवीन घ्या.