‘मी भारी आहे’ असं आरशात बघून म्हणून काही होत नसेल तर हे करून बघ

टीनएज सुरू झालं की असं वाटायला लागतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, कपाळावरचा एक पिंपल अख्ख्या वर्गाला दिसलाय आणि आपण बोलताना अडखळलो ते सगळ्यांच्या कायमचं लक्षात राहणार. हे फक्त तुझंच नाही. डेव्हिड एल्किंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच याला नाव दिलं होतं, काल्पनिक प्रेक्षक. समोर कुणी नसतं पण डोक्यातला हॉल कायम फुल्ल. नंतर २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला, त्यात स्टुडंट्सना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांसमोर पाठवलं, त्यांना वाटलं की निम्म्या लोकांनी तरी तो बघितला असणार, पण लक्षात आला होता जेमतेम पाव लोकांच्या!

म्हणून लाज वाटली की लगेच एक काम कर, मागच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची फजिती झालेली तुला आठवते का ते लिहून काढ. बहुतेक कागद कोराच राहील, आणि तुझ्याबद्दलही त्यांचा कागद तसाच कोरा असतो.

आता मुख्य गोष्ट. ‘मी बेस्ट आहे, मी सुंदर आहे’ असं रोज म्हणा हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ज्यांना मुळातच स्वतःबद्दल कमी वाटतं त्यांना अशी वाक्यं म्हणून उलट जास्त वाईट वाटू शकतं, २००९ मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात हेच दिसलं. मला तरी हे पटतं, कारण मन लगेच उलट उत्तर देतं ना, की खोटं बोलतेस. मी शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर ‘मी हुशार आहे’ लिहायचे आणि दोन मिनिटांत खोडायचे.

त्यापेक्षा खरं वाक्य शोध. ‘मी ढ आहे’ हे खरं नाही, ‘मी टॉपर आहे’ हेही खरं नाही, पण ‘बीजगणितात मला समीकरणं मांडता येत नाहीयेत, भूमिती जमते’ हे खरं आहे आणि त्याचं काहीतरी करता येतं. शब्द सुचत नसतील तर जवळच्या मैत्रिणीचं किंवा मित्राचं असंच झालं असतं तर आपण काय म्हटलं असतं ते लिही, आणि तेच शब्द स्वतःला वाचून दाखव. सुरुवातीला खूप विचित्र वाटेल. तरी कर, कारण मित्राला आपण कधी ‘तू युसलेस आहेस’ म्हणत नाही, स्वतःला मात्र दिवसातून दहा वेळा म्हणतो.

दुसरं म्हणजे मनाला पुरावा लागतो. एकच छोटी गोष्ट घे, चित्र, गिटार, पोहणं, काहीही, रोज १५ मिनिटं, आणि पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग किंवा पान जपून ठेव. तीन आठवड्यांनी फक्त त्याच्याशी तुलना करायची, दुसऱ्या कुणाशी नाही, आणि प्लीज हे पोस्ट करू नकोस, लाईक मोजायला लागलं की सगळं परत दुसऱ्यांच्या हातात जातं.

जी अकाउंट्स बघून झाल्यावर स्वतःचा चेहरा नकोसा होतो ती म्यूट कर. झोप ८ ते १० तास हवी या वयात, अर्धवट झोपेत सगळंच जास्त वाईट दिसतं.

पण दोन आठवडे झाले तरी काहीच करावंसं वाटत नसेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर हे उपाय करत बसू नकोस, आजच एखाद्या मोठ्या माणसाला सांग. सुरुवात कशी करायची कळत नसेल तर एवढंच म्हण, ‘मला बरं वाटत नाहीये आणि मला एकट्याने हे जमत नाहीये’. त्यांनी हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याकडे जा, मग तिसऱ्याकडे, काउन्सेलर, डॉक्टर, टीचर, आत्या, मामा, जो नीट ऐकेल तो सापडेपर्यंत.