माहितीपटात नामवंतांचा चेहरा वापरायचा, तर

समजा, तुमच्या शहरातल्या नाट्यचळवळीवर अर्ध्या तासाचा माहितीपट करताय आणि एका गाजलेल्या नटाचा जुना फोटो त्यात हवाय. आधी फोटोचा मालक शोधा. कॉपीराइट सहसा छायाचित्रकाराचा असतो; तो वृत्तपत्रात नोकरीला असेल, तर बहुधा वृत्तपत्राचा. नटाच्या घरच्यांनी अल्बममधून प्रिंट काढून दिली, तरी हा प्रश्न उरतोच. आणि ‘गूगलवर मिळाला’ याला परवानगी म्हणत नाहीत.

मग चेहऱ्याकडे वळा. व्यक्तिमत्त्व हक्कांसाठी (म्हणजे आपलं नाव, चेहरा, आवाज कोणी कसा वापरावा हे ठरवण्याच्या हक्कासाठी) आपल्याकडे वेगळा कायदा नाही, निकालांतूनच तो हक्क घडत आलाय. त्यामुळे प्रत्येक शॉटला एकच प्रश्न विचारा: हा चेहरा गोष्ट सांगतोय की माल खपवतोय? सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सांगितलंय, की सार्वजनिक नोंदींतली माहिती संमतीशिवाय प्रसिद्ध करता येते. नाव किंवा चेहरा न विचारता जाहिरातीला जुंपणं मात्र त्यात बसत नाही.

माझ्या मते माहितीपटापेक्षा त्याचं पोस्टर जास्त अडचणीत आणतं. आत तीस सेकंद दिसणारा नट पोस्टरवर सगळ्यांत मोठा छापला, की त्याने यात काम केलंय असं वाटणारच. ‘मैं हूँ रजनीकांत’ या हिंदी चित्रपटाला अभिनेते रजनीकांत यांच्या दाव्यावरून २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रोखलं आणि शेवटी तो नाव बदलून आला. नाव आणि लकबीही यात येतात. अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये संरक्षण दिलं, त्यात ‘झकास’सुद्धा होतं. (तुम्ही-आम्ही बोलताना खुशाल झकास म्हणावं, त्यांच्या ढंगात म्हणून धंदा करू नये.) एआयने गायकाच्या आवाजाची नक्कल करून निवेदन करण्याचा विचार असेल, तर तो सोडाच: अरिजित सिंग यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये आदेश दिलाय.

व्यक्ती हयात नसेल तर? सुशांत सिंह राजपूत यांच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, की हे हक्क सुशांत यांच्याबरोबरच संपले, वारसांकडे आले नाहीत. तरी मृताची बदनामीही गुन्हा ठरू शकते, म्हणून प्रत्येक आरोपामागे कागद हवा. शिवाय १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी आहेत. त्यांचं नाव-चित्र व्यापारासाठी वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. प्रायोजकाची मसाल्याची पाटी महाराजांच्या चित्राखाली लावायचा मोह आवरा.

संमती घ्याल तर लेखी, आणि मोघम नको. असं लिहा: ‘माझे छायाचित्र व आवाज या माहितीपटात, त्याच्या ट्रेलरमध्ये व पोस्टरवर वापरण्यास माझी संमती आहे, प्रायोजकाच्या जाहिरातीत वापरू नये.’ ओटीटी, महोत्सव, यूट्यूब, जिथे जिथे दाखवणार ते सगळं नावानिशी लिहा. सुरुवातीला ‘पात्रे काल्पनिक आहेत’ अशी पाटी टाकून खरा चेहरा दाखवला, तर त्या पाटीचा काडीचा उपयोग नाही.

वकिलाला पोस्टर आणि कच्चं संकलन एकत्रच दाखवा, तेही पोस्टर छापायला देण्याआधी.