संस्थेची सूत्रे पुढच्या हाती सोपवण्याची तयारी

नोंदणीकृत विश्वस्त संस्थेत ‘यांच्यानंतर कोण’ हा विषय बहुधा कोणी काढत नाही, कारण ज्यांनी संस्था उभी केली त्यांच्यासमोर तो काढणे अवघड वाटते. मग एखादे आजारपण किंवा निधन तो विषय काढायला लावते आणि तेव्हा हाताशी वेळ उरलेला नसतो. तालुक्याच्या गावात शाळा, वसतिगृह, दवाखाना किंवा वाचनालय चालवणाऱ्या, दहा-वीस कर्मचाऱ्यांच्या संस्थेने ही तयारी कशी करावी, ते येथे सांगतो. पहिली सूचना अशी की नावाची चर्चा सर्वांत शेवटी करावी; सुरुवात कामापासून करावी.

कार्यकारिणीची एक बैठक केवळ याच कामासाठी बोलवावी आणि प्रत्येक पदाबाबत एकच प्रश्न विचारावा: ही व्यक्ती उद्यापासून आली नाही, तर आठवड्याभरात काय अडेल? या प्रश्नाचे उत्तर अनेकदा अनपेक्षित ठिकाणी सापडते. अध्यक्षांवाचून महिनाभर फारसे काही अडत नाही, परंतु हिशेब लिहिणाऱ्या बाई किंवा वसतिगृहाचे अधीक्षक नसले तर तिसऱ्या दिवशी ओढाताण सुरू होते. मी ज्या एका संस्थेचे काम जवळून पाहत होतो, तिथे सचिवांना अचानक अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. नेट बँकिंगचा आणि आयकर संकेतस्थळाचा ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येत असे, तो मोबाईल कुलूपबंद होता, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या घरी नेमकी कुठे असते हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हते. त्या महिन्याचे पगार एकोणीस दिवस उशिरा झाले. पैसे खात्यात होते; स्वयंपाकघरातल्या दोन मावश्यांनी मात्र घरभाड्यासाठी उसनवारी केली. ते पाहिल्यापासून हा विषय मला ‘पुढे कधीतरी’ या खान्यात टाकवत नाही.

अडणाऱ्या जागा सापडल्या की प्रत्येक जागेसाठी कार्यभाराची एक वही करावी. ‘तुमचे काम लिहून द्या’ असे सांगून ही वही तयार होत नाही, कारण वर्षानुवर्षे हातवळणी पडलेले काम करणाऱ्याला ते लिहिण्याजोगे वाटतच नाही. त्यासाठी दुसऱ्या कोणीतरी शेजारी बसावे, आणि तेही पगाराच्या दिवशी, हिशेब तपासणीच्या आठवड्यात, अनुदानाचा प्रस्ताव पाठवताना बसावे. वेतनपत्रक कोणत्या तारखेला करायचे, भविष्य निर्वाह निधीचा भरणा कोण करतो, सनदी लेखापालांना कोणते कागद लागतात, करसवलतीच्या नोंदणीची मुदत कधी संपते, जमिनीचा सातबारा आणि मूळ घटनेची प्रत कोठे आहे, हे तर वहीत यावेच. पण कोणत्या देणगीदाराला पावतीबरोबर हाताने लिहिलेले पत्र लागते आणि पंचायत समितीत कोणत्या टेबलाशी पाठपुरावा करावा लागतो, हेही यावे. अशा बारीक गोष्टींवरच संस्थेची पत उभी असते. मोबाईल क्रमांक आणि ईमेल मात्र व्यक्तीचे न ठेवता संस्थेचे घ्यावेत, आणि ते सिमकार्ड कार्यालयात राहावे.

सह्या आणि कायद्याची बाजू याहून अधिक काळजी मागते. बँक खात्यासाठी तीन पदाधिकाऱ्यांना अधिकार देऊन तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्यांनी व्यवहार व्हावा, असा ठराव करून घ्यावा. दोघांपैकी दोघे अशी व्यवस्था असली की एकाच्या आजारपणाने खाते गोठते. त्यानंतर परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा, ताजा उतारा काढून त्यावर कोणाची नावे आहेत ते डोळ्यांनी पाहावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये बदल झाल्यापासून ९० दिवसांत त्याच कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे हा बदल कळवणारा अर्ज, दाखल करावा लागतो. अनेक संस्थांत निवडणूक होते, पेढे वाटले जातात, इतिवृत्त लिहिले जाते आणि अर्ज तेवढा राहून जातो. मग उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहतात, आणि नवी कार्यकारिणी बँकेत किंवा अनुदान देणाऱ्या कार्यालयात गेली की तिला आपण विश्वस्त आहोत हे सिद्ध करता येत नाही. मागचे अर्ज राहिले असतील तर विलंब माफीच्या विनंतीसह ते क्रमाने दाखल करावेत, कारण मधला दुवा तुटलेला असला की त्यापुढचा बदलही वादात सापडतो. राजीनामापत्र, मृत्यूचा दाखला, सभेची सूचना आणि ती पोहोचल्याचा पुरावा हे कागद ज्या त्या वेळीच एका धारिकेत लावून ठेवले, तर हे काम जड जात नाही.

आता माणसांविषयी. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ सालची आणि फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ सालचे. टिळक १८९० साली सोसायटीतून बाहेर पडले; प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ साली वारले, त्यांच्या जागी आलेले आगरकर १८९५ साली गेले, पुढे महादेव शिवराम गोळे प्राचार्य झाले, आणि १९०२ साली हे पद सव्वीस वर्षांच्या रँग्लर परांजपे यांच्याकडे आले. दहा वर्षांत पदावरील दोन प्राचार्यांचे निधन होऊनही महाविद्यालय चालू राहिले, याचे मोठे श्रेय मी आजीव सदस्यांच्या पद्धतीला देतो: ठरावीक वर्षे अल्प वेतनावर काम करण्याचे वचन दिलेली माणसे आधीपासून आत होती, शिकवत होती, कारभारही पाहत होती, त्यामुळे पद रिकामे झाले तेव्हा ते पेलणारे खांदे घरातच होते.

लहान संस्थेला आजीव सदस्य मिळणार नाहीत, पण त्यामागचा विचार उचलता येतो. प्रत्येक महत्त्वाच्या पदामागे किमान दोन जण तयार करावेत. एकाच व्यक्तीला ‘वारस’ ठरवले की उरलेले दूर होतात आणि त्या व्यक्तीवरही अवेळी ओझे येते. त्यांना कार्यक्रमाचे सूत्रसंचालन देऊन भागवू नये. अंदाजपत्रक मांडू द्यावे, देणगीदाराशी बोलणी करू द्यावीत, आणि त्यांची चूक झाली तर ती सभेत सर्वांसमोर दुरुस्त करू नये. संस्थापकांची मुले कामात असतील तर तेही चांगलेच आहे; मात्र त्यांनीही इतरांप्रमाणे खालच्या जबाबदाऱ्यांपासून यावे आणि त्यांची निवड घटनेप्रमाणे ठरावानेच व्हावी.

पायउतार होणाऱ्यांचा मान हा स्वतंत्र विषय आहे आणि तो नीट हाताळला नाही तर बाकी सारी तयारी फुकट जाते. तारीख सहा महिने आधी ठरवावी, त्या काळात जुन्या आणि नव्या पदाधिकाऱ्यांनी मिळून काम करावे, आणि त्यानंतर ज्येष्ठांकडे इतिहास लेखन किंवा जुन्या देणगीदारांच्या भेटी असे खरे काम द्यावे. सल्लागार नेमूनही सहीचा अधिकार त्यांच्याकडेच ठेवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे, कारण कर्मचारी दोन दारे ठोठावू लागतात आणि नव्या सचिवांचा शब्द उरत नाही.

सगळे झाल्यावर एक चाचणी घ्यावी. सचिवांना पूर्ण एक महिना रजेवर पाठवावे, शक्यतो परीक्षा किंवा लेखापरीक्षणाचा धामधुमीचा काळ सोडून, आणि त्यांना विनंती करावी की त्या महिन्यात संस्थेतून आलेल्या प्रत्येक फोनची तारीख आणि विषय त्यांनी टिपून ठेवावा. ते परतले की ती टिपणे घेऊन बसावे. ज्या ज्या गोष्टीसाठी फोन करावा लागला, ती कार्यभाराच्या वहीत अजून लिहायची राहिलेली आहे.