नव्या गाडीच्या टायर-सेन्सरवर शंका आली, तर काय करावे

नवी गाडी घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. एका सकाळी ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चालू केली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला: वरून उघडी असलेली नाल आणि तिच्या मध्यभागी उद्गारचिन्ह. पडद्यावर मागचे डावे चाक २७ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाखवत होते, बाकीची तिन्ही ३३. घोडबंदर रस्त्यावरच्या पंपावर जाऊन मी त्या चाकात हवा भरून घेतली, पण दिवा विझला नाही. दोन दिवसांनी पुन्हा भरली, तर पडद्यावरचा आकडा वाढण्याऐवजी २६ वर आला. तिसऱ्या खेपेला पंपावरच्या मुलाने मीटर लावून विचारले, "साहेब, यात बेचाळीस आहे. अजून किती भरू?"

हवा उतरत होती ती दुसऱ्याच चाकातून: खिळा मागच्या उजव्या चाकात होता. गाडी ताब्यात घेण्याआधी मी शोरूममधूनच अलॉय व्हील बसवून घेतली होती. तेथे जुन्या रिममधले हवेचा दाब मोजणारे सेन्सर काढून नव्या रिममध्ये घालताना डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली होती आणि कोणता सेन्सर कोणत्या कोपऱ्यात आहे, हे गाडीला नव्याने शिकवण्याचे राहून गेले होते. सेन्सर खरेच सांगत होता. गाडी ते चुकीच्या चाकाच्या नावावर मांडत होती. सर्व्हिस सेंटरला फोन केल्यावर मात्र मला सुचवण्यात आले होते ते एवढेच, की "रिसेट करून बघा." म्हणूनच सेन्सरला दोष देण्यापूर्वी आणि रिसेटचे बटण दाबण्यापूर्वी काय तपासावे, हे क्रमाने लिहीत आहे.

आपल्या गाडीत कोणत्या प्रकारची यंत्रणा आहे, हे आधी पाहावे. पडद्यावर प्रत्येक चाकाचा वेगळा आकडा दिसत असेल, तर प्रत्येक रिमच्या आत, हवेच्या व्हॉल्व्हला जोडलेला, लहान लिथियम बॅटरीवर चालणारा सेन्सर असतो आणि तो दाबाची माहिती रेडिओ लहरींनी गाडीकडे पाठवतो. आकडे न दिसता केवळ दिवाच लागत असेल, तर बहुधा चाकात सेन्सर नसतोच. अशी यंत्रणा ब्रेकच्या एबीएससाठी (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी) बसवलेल्या वेग-सेन्सरांचा आधार घेते, कारण हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित लहान होतो आणि ते चाक इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते. ही युक्ती हुशार आहे, पण तिला एक मर्यादा आहे: चारही चाकांची हवा महिनोन्‌महिने सारखीच उतरत गेली, तर तुलना करायला काहीच उरत नाही आणि दिवा लागत नाही. शिवाय या प्रकारात रिसेट दाबणे म्हणजे "आत्ता जी हवा आहे, तीच योग्य समज" असे गाडीला सांगणे होय. हवा कमी असताना ते बटण दाबले, तर गाडी चुकीचा धडा इमानेइतबारे पाठ करते. कारखान्यातून गाड्या वाहून आणताना टायरांत बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्त हवा ठेवलेली असते. ती योग्य पातळीवर आणणे हे गाडी देण्यापूर्वीच्या तपासणीतले काम असते. ते राहून गेले असेल, तर पहिल्याच महिन्यात विनाकारण इशारे येतात.

दिवा कसा लागतो, याकडेही लक्ष द्यावे. गाडी चालू करताच लागून तसाच स्थिर राहिला, तर यंत्रणा हवा कमी असल्याचे सांगत आहे. बहुतेक गाड्यांत तो आधी सुमारे एक ते दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर तक्रार हवेबद्दल नसून यंत्रणेबद्दल असते: एखाद्या सेन्सरचा संदेश पोहोचत नाही, त्याची ओळख जुळत नाही किंवा त्याची बॅटरी संपली आहे. नव्या गाडीत बॅटरी संपण्याची शक्यता फारच कमी, कारण ती साधारणपणे पाच ते दहा वर्षे टिकते. सकाळी आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसणे हा मात्र दोष नव्हे. उभ्या गाडीत बॅटरी वाचवण्यासाठी सेन्सर झोपेत असतात आणि चाके काही अंतर फिरल्यावर बोलू लागतात. दोन-चार किलोमीटर गेल्यावरही रेघा तशाच असतील, तेव्हा नोंद करावी.

आता खरी तपासणी. त्यासाठी स्वतःचा डिजिटल प्रेशर गेज हवाच. पंपावरच्या मीटरवर विसंबून कोणावर आरोप करू नये. योग्य दाब टायरवर शोधू नये, कारण तेथे छापलेला असतो तो कमाल दाब. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, तर काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणामागे चिकटवलेला असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. म्हणून गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर, ऊन लागण्यापूर्वी मोजावे. माजिवड्याहून ऐरोलीपर्यंत जाऊन आल्यावर मोजलेला आकडा तीन-चार पीएसआयने सहज चढलेला असतो. तो पाहून हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागणारच. हवामानाचा हिशेबही लक्षात ठेवावा: ३३ पीएसआयच्या आसपास तापमानातील १० अंशांच्या फरकाने साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. मे महिन्यात दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे दोन-तीन पीएसआयने कमी दिसली आणि त्यात टायरमधून दरमहा नैसर्गिकपणे झिरपणाऱ्या हवेची भर पडली, तर थंडीतला इशारा खोटा नसतो.

चारही चाके एकाच गेजने मोजून कागदावर लिहावीत आणि शेजारी पडद्यावरचे आकडे लिहावेत. एक-दोन पीएसआयचा फरक सोडून द्यावा. चारही चाकांत फरक सारखाच असेल, तर संशय आधी गेजवर घ्यावा. तीन चाकांचे आकडे जुळतात आणि चौथ्यात चार-पाचचा फरक पडतो, असे वेगवेगळ्या तीन सकाळी दिसले, तर तो सेन्सर चुकीचे मोजतो आहे, असे म्हणायला आपल्याकडे आधार आहे. पडदा कधी किलोपास्कल, तर कधी बारमध्ये आकडे दाखवतो, हेही पाहावे. २३० किलोपास्कल म्हणजे साधारण ३३ पीएसआय आणि १ बार म्हणजे १४.५. माझ्या एका शेजाऱ्यांनी २.३ हा आकडा पाहून भर पावसात टायरवाल्याला घरी बोलावले होते.

माझ्या गाडीतला घोळ ज्या चाचणीने उघड झाला, ती मला सर्वांत उपयोगी वाटते आणि कोणत्याही सर्व्हिस सेंटरविना, सोसायटीच्या आवारात करता येते. प्रत्येक चाकात मुद्दाम वेगळी हवा ठेवावी. शिफारस ३३ ची असेल, तर पुढच्या डाव्यात ३१, पुढच्या उजव्यात ३३, मागच्या डाव्यात ३५ आणि मागच्या उजव्यात ३७, गेजने मोजून. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा लहान पंप असेल, तर हे पंधरा मिनिटांचे काम आहे. मग गाडी जवळपास पाच-दहा मिनिटे सावकाश फिरवून आणावी आणि पडदा पाहावा. आकडे त्याच कोपऱ्यांत त्याच क्रमाने दिसले, तर गाडीला चाकांची ओळख नीट आहे. माझ्या पडद्यावर मागच्या डाव्याच्या जागी ३७ आणि मागच्या उजव्याच्या जागी ३५ दिसत होते. त्या पडद्याचा आणि गेज लावलेल्या चाकाचा फोटो मी काढून ठेवला. चाचणी संपताच चारही चाके पूर्ववत ३३ वर आणावीत. अशा विषम हवेवर पाम बीच रस्त्यावर वेगात जाऊ नये.

चाचणीतून ओळखीचा घोळ निघाला, तर भाग बदलण्याची गरज नसते. सेन्सरांची जागा गाडीला पुन्हा शिकवावी लागते. काही गाड्या ठराविक वेगाने काही मिनिटे चालवल्यावर स्वतःच शिकतात. काहींमध्ये मेनूतून ही कृती सुरू करावी लागते. तर काहींना प्रत्येक चाकाजवळ धरायचे हातातले उपकरण किंवा संगणक लागतो. आपल्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि तो दीड पानाचा मजकूर सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी वाचलेला बरा. चाकांची अदलाबदल, म्हणजे रोटेशन केल्यानंतरही हेच करावे लागते आणि नेमके तेव्हाच ते विसरले जाते.

एखादा सेन्सर अधूनमधून गप्प होत असेल, तर आपण नंतर काय काय जोडले, ते आठवावे. स्वस्त मोबाइल चार्जर किंवा डॅशकॅम यांच्या विद्युत गोंगाटात सेन्सरचा क्षीण संदेश हरवू शकतो. ते सगळे काढून दोन दिवस गाडी चालवावी. स्टेपनी लावलेली असताना दिवा लुकलुकणे स्वाभाविक आहे, कारण बहुतेक गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो.

एवढे करूनही दोष राहिला, तर सर्व्हिस सेंटरला जावे. पण तक्रार तोंडी सांगून थांबू नये. जॉब कार्डवर "टायर प्रेशर तपासणे" असे मोघम लिहिले जाते आणि संध्याकाळी हवा भरून, दिवा विझवून गाडी परत येते. त्याऐवजी "मागील डावा सेन्सर थंड टायरवर गेजपेक्षा ५ पीएसआय कमी दाखवतो, तीन दिवसांच्या नोंदी सोबत" असे आपल्या देखत लिहून घ्यावे आणि जॉब कार्डची प्रत घ्यावी. स्कॅनरवर प्रत्येक सेन्सरची ओळख, दाब, तापमान आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरीची स्थिती दिसते. त्या पडद्याचा फोटो मागावा. ही मागणी अवास्तव नाही. दोष सिद्ध झाल्यास या सेन्सरमधली फक्त बॅटरी सहसा बदलता येत नाही, पूर्ण सेन्सरच बदलतात. नव्या गाडीत तो साधारणपणे वाहनाच्या वॉरंटीत येतो, तर टायरची वॉरंटी टायर कंपनीची असते. या दोन खिडक्यांमध्ये ग्राहकाची फरपट होऊ शकते, म्हणून सेन्सर कोणत्या वॉरंटीत येतो, हे पुस्तिकेत आधीच पाहून जावे. बाहेरून बसवलेली अलॉय व्हील हे नकाराचे आवडते कारण असते. शोरूममधूनच घेतली असतील, तर त्याची पावती सोबत न्यावी.

दोन-तीन फेऱ्यांनंतरही टाळाटाळ होत असेल, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला जॉब कार्डांच्या प्रतींसह ईमेल करावा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे गाडी मुंबईतून घेतली असली, तरी ठाणेकराला मुंबईत खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे. एका सेन्सरसाठी तेथवर जाणे मला स्वतःला जड वाटते; पण हा मार्ग आपल्याला ठाऊक आहे, हे ईमेलमध्ये शांतपणे नमूद केल्याने बऱ्याचदा काम हलते.

दरम्यान, दिव्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लावून घेऊ नये. सेन्सर दुरुस्त होईपर्यंत आठवड्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या सकाळी न चुकता, गेजने हवा मोजावी. आमणेहून समृद्धी महामार्गावर चढून तासन्‌तास वेगात जायचे असेल, तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण कमी हवेचा टायर सतत दुमडत राहतो, तापतो आणि तेथेच फुटतो.

राहिला प्रश्न चांगला सेन्सर बिघडू न देण्याचा, आणि तो बहुतेक वेळा पंक्चरच्या दुकानात बिघडतो. बाहेरून स्ट्रिप लावायची असेल, तर धोका नाही, पण टायर रिमवरून उतरवायचा असेल, तर कारागिराला आधीच सांगावे, "दादा, व्हॉल्व्हला आतून सेन्सर आहे, लिव्हर तिथून लांब लावा." ही सूचना ऐकून कोणी रागावत नाही. पंक्चर आपोआप बुजवणारा द्रव मात्र जपून वापरावा. तो सेन्सरचे बारीक छिद्र बुजवू शकतो आणि मग त्याला हवेचा दाब जाणवतच नाही. २०२० मध्ये नियम बदलल्यापासून ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या गाडीला स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. त्यामुळे काही नव्या गाड्यांच्या डिकीत चाकाऐवजी या द्रवाची बाटलीच मिळते. तो वापरावा लागलाच, तर नंतर टायर उतरवून आतून स्वच्छ करून घ्यावा आणि सेन्सर तपासायला सांगावा.

खाडीकाठच्या आपल्या शहरांत आणखी एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. अनेक सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर रस्त्यावर मिळणारी चकचकीत पितळी टोपी लावली किंवा आत साधा पितळी वाल-पिन (व्हॉल्व्हमध्ये हवा अडवून धरणारा पिन) घातला, तर खाऱ्या दमट हवेत दोन धातूंच्या संगतीने गंज धरतो आणि टोपी अशी चिकटून बसते की ती काढताना व्हॉल्व्हच तुटतो. त्यासाठी निकेलचा मुलामा दिलेला पिन आणि साधी प्लास्टिकची टोपीच योग्य. माझ्या अलॉयवर शोरूमने हौसेने लावलेल्या चार धातूच्या टोप्या मी त्याच आठवड्यात काढल्या. त्यांतली एक तेव्हाच पक्कडीशिवाय निघत नव्हती.