परदेशात चार भाषांत जगताना मराठी रोजनिशी कशी ठेवावी

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीतील कोणी नोकरीसाठी जर्मनीला निघाले की घरची माणसे सामानाची यादी घेऊन माझ्याकडे येतात, कारण मी स्टुटगार्टमध्ये नऊ वर्षे नोकरी करून ठाण्याला परतले आहे. लहान कुकर, गोडा मसाला, थंडीचे कपडे, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती हे सगळे त्या यादीत आधीच असते. मी त्यात २०० पानी एकरेघी वही घालायला सांगते आणि तिच्यात रोज मराठीत लिहायला सांगते. ते कसे लिहायचे हे जिन्यात उभ्याउभ्या सांगून पुरत नाही, म्हणून येथे नीट लिहिते आहे.

परदेशी नोकरी करणाऱ्या आपल्या माणसाचा दिवस भाषांमध्ये वाटला जातो. माझ्या बैठका इंग्रजीत होत, कँटीन, ट्राम आणि सरकारी कचेरी जर्मनमध्ये असे, भारतीय सहकाऱ्यांशी हिंदी बोलणे होई, आणि मराठी उरे ती फोनवर आईबाबांपुरती. फोनवरची ही मराठी जेवण, हवा, तब्येत आणि नात्यातली लग्ने एवढ्यांतच फिरत असे. तिसऱ्या वर्षी माझ्या ध्यानात आले की वरिष्ठांशी झालेला मतभेद, घरमालकाशी केलेला करार, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी, रविवारी दुपारी वाटणारा एकटेपणा, यांतले काहीही मी कधी मराठीत उच्चारलेच नव्हते. मी एकही शब्द विसरले नव्हते, पण सव्विसाव्या वर्षी ठाणे सोडले तेव्हा माझ्याजवळ जेवढी मराठी होती तेवढीच ती राहिली होती, आणि त्यानंतर माझ्या आयुष्यात जे घडले त्याला तिच्यात जागाच मिळाली नव्हती. ही जागा करून देणे हे या रोजनिशीचे काम आहे.

वहीचे डावे पान दिवसभराच्या टिपणांसाठी ठेवावे. ज्या भाषेत जे कानावर पडले ते तसेच, देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये. ट्राममध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत दोन-तीन ओळी पुरतात. उजवे पान रात्री लिहायचे, आणि ते पूर्ण मराठीत. त्यासाठी १५ मिनिटे राखून ठेवावीत. माझी वेळ रात्री ९ ची होती, कारण जर्मनीचे घड्याळ हिवाळ्यात भारताच्या साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. माझे ९ वाजत तेव्हा हिवाळ्यात ठाण्यात रात्रीचा दीड झालेला असे आणि घरी फोन करण्याचा प्रश्नच नसे. फोन करता येत नाही अशीच वेळ निवडावी असे माझे मत आहे. जे सांगायचे आहे ते त्या वेळी वहीतच उतरते.

उजव्या पानावर दिवसाचा जमाखर्च मांडू नये. सकाळी उठले, कामावर गेले, भात लावला, ही नोंद आठ दिवसांत कंटाळवाणी होते आणि वही बंद पडते. एकच प्रसंग घ्यावा, आणि कोण काय म्हणाले, कोणत्या भाषेत म्हणाले, आपण काय उत्तर दिले आणि काय मनात ठेवले, एवढे लिहावे. नवीन गेलेल्यांना पहिल्या आठवड्यातच विषय मिळतो: जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत राहत्या पत्त्याची नोंद कचेरीत करावी लागते, तिला तिथे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्या खिडकीपाशी आपण काय बोललो, काय समजले, कोणत्या कागदावर न समजता सही केली, हे त्याच रात्री मराठीत लिहून पाहावे. जे मराठीत सांगता येत नाही ते बहुतेक वेळा आपल्याला कळलेलेच नसते, आणि ते दुसऱ्या दिवशी कोणाला तरी विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त लक्ष सर्वनामांकडे द्यावे. ही गोष्ट मी फार उशिरा शिकले, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते. इंग्रजीतील ‘वी’ आणि जर्मनमधील ‘वीर’ या शब्दांत ऐकणारा धरलेला आहे की नाही, हे कळत नाही. मराठीत मात्र निवड करावीच लागते: ऐकणारा सोबत असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. आमचे विभागप्रमुख बैठकीत ‘वी’ म्हणाले की रात्री ते वाक्य मराठीत लिहिताना माझे पेन थांबे. ‘ही चाचणी आपण पुढे ढकलू’ असे ते म्हणाले, की ‘आम्ही ती पुढे ढकलली आहे’ असे? महिनाभराची पाने चाळली तेव्हा दिसले की मी जवळजवळ प्रत्येक वेळी ‘आम्ही’ लिहिले होते. माझ्याशी सल्लामसलत होत नव्हती, मला निर्णय कळवले जात होते, आणि हे माझ्या मराठीने माझ्या आधी ओळखले होते. पुढच्या बैठकीपूर्वी मी त्यांना भेटून सांगितले की चाचणीचे वेळापत्रक ठरत असताना मला तेथे असायचे आहे. त्यांनी ते मान्य केले. इंग्रजीत मी तीन वर्षे तीच वाक्ये ऐकत होते आणि मला काहीही खटकले नव्हते.

संबोधनाचेही असेच आहे. जर्मनमध्ये आदराचे ‘झी’ आणि जवळिकीचे ‘डू’ असे दोन प्रकार आहेत, आणि रिवाजानुसार कार्यालयात ‘डू’ म्हणण्याची मुभा वरिष्ठ देतात. तशी मुभा मला मिळाली तेव्हा मी वहीत साहेबांना ‘तू’ लिहू लागले. एकदा तोच प्रसंग फोनवर सांगताना ‘तो म्हणाला’ असे तोंडून गेले आणि बाबा म्हणाले, “अगं, साहेबांना अरे-तुरे करतेस?” मी त्यांना जर्मन रिवाज समजावून सांगितला, पण त्या रात्री लिहिताना माझ्या मनातले नाते ‘तू’चे नाही आणि पूर्णपणे ‘तुम्ही’चेही नाही, हे मला जाणवले. त्या दिवसापासून मी संवाद लिहिताना संबोधन सवयीने लिहीत नाही. दर वेळी विचार करून ठरवते. प्रत्येकाने हे करून पाहावे. चाळिशीचा शेजारी, दुकानातली बाई, आपल्या हाताखालचा नवा मुलगा, यांच्यापैकी कोणाला मराठीत अहो-जाहो करावेसे वाटते हे लिहिल्याशिवाय कळत नाही.

महिन्याच्या शेवटी लाल पेन घेऊन सगळ्या ‘आमच्या’, ‘तुमच्या’ आणि ‘आपल्या’ या शब्दांखाली रेघ मारावी. चौथ्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मी तसे केले तेव्हा एका वाक्यापाशी बराच वेळ बसून राहिले. आईला फोनवर विचारलेला प्रश्न मी जसाच्या तसा उतरवला होता: ‘तुमच्याकडे गणपतीला कोण कोण आले होते?’ ज्या घरात मी जन्मापासून दूर्वा निवडल्या, आरतीची ताटे लावली, त्या घरच्या गणपतीला मी ‘तुमच्याकडचा’ म्हटले होते. ते वाक्य मी खोडले नाही, आणि तुम्हीही असे वाक्य खोडू नये. दुसऱ्या दिवशी त्याच्याविषयीच लिहिले आणि रविवारी ते पान आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मला ते पहिल्याच वर्षी ऐकू आलं होतं. म्हटलं, बरं झालं, तिथे रुजतेय पोर.” मला जे अपराधासारखे वाटत होते ते तिने तीन वर्षे समाधानाने ऐकले होते. एवढे बोलणे आमच्यात त्यापूर्वी झाले नव्हते.

शब्द अडला तर संस्कृतातून जड शब्द घडवू नये. परका शब्द देवनागरीत तसाच ठेवावा आणि त्याचा अर्थ साध्या वाक्यात सांगावा. काम संपल्यानंतरच्या मोकळ्या वेळेला जर्मनमध्ये ‘फायराबेंट’ म्हणतात, आणि संध्याकाळी निघताना सहकारी एकमेकांना त्याच्या शुभेच्छा देतात. कितीतरी दिवस मला मराठी शब्द सुचत नव्हता. बाबांना विचारले, ते वागळे इस्टेटमध्ये नोकरीला होते आणि लगेच म्हणाले, “कंपनी सुटली, म्हणायचो आम्ही.” हा शब्द मला कोशात सापडला नसता. तरीही कोश जवळ असावा. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते आणि घरगुती, शेतीच्या, कारागिरीच्या शब्दांसाठी ती आजही उपयोगी पडते. सुट्टीवर ठाण्याला आल्यावर अडलेल्या शब्दांची यादी घेऊन १८९३ साली स्थापन झालेल्या आपल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात एक सकाळ घालवावी.

अशाच एका सकाळी मला जे सापडले ते येथे सांगते. जर्मनीत पहिल्याच महिन्यात मला कोणी ‘हाल्ब आख्ट’ला बोलावले, म्हणजे शब्दशः ‘अर्धे आठ’, आणि मी साडेआठला पोहोचले. त्याचा अर्थ साडेसात असा होतो, आठव्या तासाचा अर्धा भाग. ही मोजणी मला परकी वाटली होती. व्युत्पत्ती पाहिली तेव्हा कळले की आपला ‘अडीच’ संस्कृत ‘अर्धतृतीय’ या शब्दापासून आला आहे, म्हणजे तिसऱ्याचा अर्धा, आणि ‘दीड’ही तसाच दुसऱ्याच्या अर्ध्यावरून, ‘साडे’ मात्र ‘सार्ध’पासून, अर्ध्यासह. म्हणजे जर्मन माणूस आठाकडे पाहून जसे मोजतो तसे आपण दीड आणि अडीच म्हणताना मोजतोच. एकवीस, बावीस म्हणताना आपण एकम आधी उच्चारतो, आणि तेही जर्मनमध्ये तसेच आहे. वहीत आकडे अक्षरांत लिहिण्याची सवय ठेवली तर असे दुवे हाती लागतात, आणि आपण मनातल्या मनात कोणत्या भाषेत मोजतो तेही समजते.

हाताने लिहिणे उत्तम. मोबाइलवर मराठी कळफलक घेऊन लिहिले तरी चालेल, पण कार्यालयाच्या लॅपटॉपवर लिहू नये, आणि ग्राहकांची नावे, उत्पादनाचे तपशील किंवा किमती कोणत्याही वहीत उतरवू नयेत. नोकरीच्या करारात गोपनीयतेचे कलम बहुधा असते. माणसांच्या नावांऐवजी एखादे अक्षर पुरते.

आठवड्यातून एक पान घरी वाचून दाखवावे. कोणते दाखवायचे हे आपण ठरवावे. सगळे दाखवण्याचे बंधन स्वतःवर घातले तर लिहिणे घाबरत घाबरत होते. माझ्या वहीत एका नोव्हेंबरमध्ये सलग अकरा दिवस फक्त ‘ठीक’ एवढाच शब्द आहे, आणि ती पाने मी कोणालाही वाचून दाखवली नाहीत. पण ती चाळल्यावरच मी डॉक्टरांची वेळ घेतली, आणि तेथे जर्मनमध्ये काय सांगायचे ते आधी मराठीत लिहून नेले. ज्यांना थंडीतले ते लहान दिवस जड जातात त्यांनी, लिहिण्याजोगे काही नसले तरी तारीख टाकून एक शब्द लिहावा आणि असे शब्द किती दिवस सलग आले ते मोजावे.

भरलेल्या वह्या प्रत्येक सुट्टीत घरी आणून ठेवाव्यात. माझ्या सात वह्या आईच्या लोखंडी कपाटात आहेत. ठाण्याच्या पावसाळ्यातील दमट हवेत कागदाला कसर लागते, म्हणून त्यांच्यामध्ये वेखंडाचे तुकडे आणि सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा, आणि ऑक्टोबरमध्ये आकाश उघडले की एक दिवस त्या सावलीत पसरून वारा द्यावा. शाईच्या पेनाने लिहिले असेल तर उन्हात ठेवू नयेत, अक्षर फिके होते.