या चुका टाळा: एका लॅपटॉपवरून सगळी उपकरणं चालवताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांत नेटवर्क जोडून द्यायचं काम मी करतो. कॅमेरे, हजेरीचं मशीन, बारकोड प्रिंटर, सगळं एका लॅपटॉपवरून बघायचं असतं. तक्रारीचे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात: "लाईट जाऊन आली आणि काल चालणारं मशीन आज दिसतच नाही."

मशीन ठणठणीत असतं, बदललेला असतो त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा घर नंबर. राउटर पत्ता देतो तो ठरावीक मुदतीसाठी. राउटर बंद होऊन चालू झाला की वाटप नव्याने होऊ शकतं, आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो.

मग कुणीतरी प्रिंटरमध्येच हाताने पत्ता भरतं. ही त्याहून त्रासाची चूक. समजा राउटर १९२.१६८.१.१०० ते १९९ हे पत्ते वाटतो आणि तुम्ही प्रिंटरला १०५ दिलात. रात्री प्रिंटर बंद असताना राउटर तोच १०५ एखाद्या कामगाराच्या मोबाईलला देऊन टाकतो. सकाळी एका पत्त्यावर दोघे. प्रिंट कधी निघते, कधी नाही. ओळखायचं असं: प्रिंटर बंद करा आणि लॅपटॉपवरून १०५ ला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' असा संदेश पाठवा. तरीही उत्तर आलं, तर तिथे दुसरंच कुणीतरी बसलंय. उपाय राउटरमध्येच आहे. प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्र बनवतानाच त्याला मिळालेला ओळख क्रमांक) टाकून त्याच्यासाठी आयपी राखून ठेवा आणि प्रिंटरची सेटिंग पुन्हा ऑटोमॅटिकवर न्या. कुठल्या यंत्राला कुठला पत्ता, याची यादी राउटरशेजारी भिंतीवर चिकटवा.

लॅपटॉप गेस्ट वायफायवर, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असेल तर बाकीची उपकरणं सहसा दिसत नाहीत, हे आधी तपासा. स्वस्त वायफाय उपकरणं बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव सापडणारच नाही. उपकरण बनवणाऱ्या कंपनीने दिलेला पासवर्ड मात्र पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. घरून कारखाना बघायचा असेल तर राउटरचे पोर्ट (बाहेरून आत येण्याची दारं) उघडे टाकू नका, व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खासगी जोडणी वापरा.

आणि सगळी उपकरणं निवडून एकदम 'अपडेट' दाबू नका. मी एकदा भर मे महिन्यात दुपारी बारा कॅमेऱ्यांना एकत्र फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) पाठवलं. मध्येच लाईट गेली, दोन कॅमेरे पुन्हा उठलेच नाहीत. तेव्हापासून राउटर, नेटवर्कचा स्विच आणि कॅमेऱ्यांचा वीजपुरवठा यूपीएसवर असल्याशिवाय मी अपडेटला हात लावत नाही. लॅपटॉप वायरने जोडतो आणि त्याचा स्लीप मोड बंद करतो. आधी मागच्या गोदामातला एकच कॅमेरा, दुसऱ्या दिवशी तो नीट दिसला तर दोन-तीन, आणि गेटवरचा सगळ्यात शेवटी.